गुलाम मोजायचे, पण जागा मालकाला

अमेरिकेच्या घटनेतलं ते 'तीन पंचमांश' (राज्याची लोकसंख्या मोजताना एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस) निघालं की लोक हमखास म्हणतात, बघा, काळ्या माणसाला अर्ध्याहून जरा जास्त माणूस धरला. राग बरोबरच आहे, पण गुलाम पूर्ण मोजा म्हणून हट्ट धरणारे कोण होते? गुलामांचे मालकच! १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहायला बसले तेव्हा दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलिनाचे प्रतिनिधी बटलर आणि जनरल पिंकनी म्हणत होते, गोऱ्यांइतकेच धरा, कारण हाउसमधल्या (संसदेच्या खालच्या सभागृहातल्या) राज्याच्या जागा लोकसंख्येवर ठरणार आणि गुलाम मत तर देणारच नाही, म्हणजे राबणार तो आणि वाढलेली जागा मालकाची. गंमत म्हणजे चारच वर्षं आधी, १७८३ ला, लोकसंख्येवर टॅक्स वाटायची गोष्ट निघाली तेव्हा हीच दक्षिणेकडची मंडळी गुलाम कमी धरा म्हणत होती! तेव्हाच्या घासाघिशीतून तीन पंचमांश आला, तो प्रस्ताव बारगळला पण आकडा टिकला.

पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नाही) मला यात सगळ्यात आवडतो. त्याने सरळ विचारलं, ही माणसं आहेत का? मग नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहे का? मग बाकीची मालमत्ता का नाही मोजत? फक्त स्वतंत्र रहिवासी मोजा असा ठराव त्याने मांडला आणि बाजूने एकटं न्यू जर्सी, विरोधात १० राज्यं, त्यात त्याचं स्वतःचं पेनसिल्व्हेनियापण!

१७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियात स्वतंत्र माणसं साधारण ४.५५ लाख, पेनसिल्व्हेनियात ४.३० लाख, फार फरक नाही. पण व्हर्जिनियात २.९२ लाख गुलाम होते, त्यामुळे जागा मिळाल्या १९ आणि पेनसिल्व्हेनियाला १३. राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर पण याच हिशोबाने, १८०० मध्ये व्हर्जिनियाचा जेफरसन ७३ विरुद्ध ६५ ने ॲडम्सच्या पुढे गेला ते गुलामांच्या नावावरच्या मतांमुळेच, असं बरेच इतिहासकार म्हणतात आणि मलाही ते पटतं.

१८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने तीन पंचमांश गेलं, सगळे पूर्ण मोजले जाऊ लागले, आणि पुढे दक्षिणेत पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरायचा कर), वाचता येतं का अशा परीक्षा लावून काळ्यांना मतदानापासूनच लांब ठेवलं, जागा मात्र पूर्ण मोजणीच्या. मत अडवलं तर त्या राज्याच्या जागा कापायच्या असं त्याच दुरुस्तीत लिहिलंय. आजवर एकाही राज्याची जागा त्याखाली कापली गेलेली नाही.