क्लोरीन आणि संत्र्याची साल

जलतरण स्पर्धेला टाइमकीपर म्हणून गेलो की माझा एक नियम असतो, शेवटची रिले संपेपर्यंत बिअरला हात लावायचा नाही. सकाळी सातला स्टॉपवॉचवर अंगठा ठेवायचा असतो, आणि त्या अंगठ्यावर कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचा निकाल असतो.

नागपूरची ती स्पर्धा मे महिन्यातली. नऊ वाजताच तलावाकाठची फरशी पाय भाजायची. तिसऱ्या दिवशी मुलींच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये टचपॅड, म्हणजे भिंतीला हात लागताच वेळ नोंदवणारे फलक, बंद पडले आणि सगळी भिस्त आमच्या घड्याळांवर आली. माझ्या लेनवर आम्हा तिघांच्या घड्याळांत २:५१.३८, २:५१.४४ आणि २:५१.६०. तिन्ही वेगळी आली की मधली धरतात. २:५१.४४ ला त्या मुलीला कांस्य मिळालं. तिची आई रडत रडत आमच्या तिघांच्या पाया पडायला आली तेव्हा काय करावं सुचेना.

संध्याकाळी ऑटोवाल्याला म्हटलं, पुण्यात मिळते तीच बाटली इथं नको, इथलीच बिअर हवी. तो म्हणाला, "मंग वर्धा रोडवर चला न जी. तिथं टाकीतली भेटते." स्वतः वर्धेचा, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यातला, पण पत्ता अचूक.

काचेमागं स्टीलच्या टाक्या, समोर चार नळ. बिअर बनवणारा पोरगा काटोलचा, घरी संत्र्याची बाग. मी ग्लास नाकाशी नेला तर त्यानं हात आडवा केला. "काका, तलावावरून आले काय? आधी साबणानं हात धुऊन या. क्लोरीनपुढं तुम्हाला काहीच समजनार नाही."

हात धुऊन आलो तर त्यानं पाण्याचेच दोन ग्लास ठेवले होते. एक नळाचं, दुसरं कार्बन फिल्टरमधून काढलेलं. पहिल्याला अगदी पुसट वास होता. रोज प्यायच्या पाण्यात तो आपल्याला कळतही नाही. पण माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, आणि यीस्टनं तयार केलेल्या फेनॉल नावाच्या रसायनांशी तेवढासा क्लोरीन मिसळला तरी बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो, आणि मग ती टाकी ओतूनच द्यावी लागते. मी तीन दिवस उलटंच बघत होतो. तलावात लिटरमागं १ मिलिग्रॅमच्या खाली क्लोरीन उतरला की आमची धावाधाव. पेंच नि कन्हानचं पाणी पिणारं हेच शहर, एकीकडं तोच क्लोरीन जपायचा आणि दुसरीकडं त्याचा थेंब राहू द्यायचा नाही.

मग त्यानं बरणी उघडली. मेमध्ये संत्री कुठली? पण पावसाळ्यात फुललेल्या मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, तेव्हाच त्याची आई साली सावलीत वाळवून ठेवते. एक साल त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. कडक, तपकिरी झालेली, आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून काढलेला, कारण तो राहिला तर कडवटपणा येतो. नखानं मोडली आणि बाग उभी राहिली डोळ्यांसमोर. बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरमध्ये कडवट संत्र्याची साल आणि धने घालायची जुनी रीत आहे. यानं त्याच रीतीत नागपुरी संत्रं बसवलं. उकळी संपायला पाच मिनिटं राहिली की साल नि भरडलेले धने टाकायचे. आधी टाकले तर वास वाफेबरोबर उडून जातो.

बिअर गढूळ, फिकट पिवळी, वर दाट फेस. पहिल्या घोटाला गव्हाचा मऊपणा, मग धने, आणि गिळून झाल्यावर हळूच संत्रं. गोड अजिबात नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्यापुरतं ते संत्रं आजवर बर्फीतच राहिलं होतं. बाटलीतली बिअर नागपुरात काय नि नाशकात काय, सारखीच लागते. ही मात्र त्या साली वाळवणाऱ्या अंगणाबाहेर होऊच शकत नाही, असं मला मनापासून वाटलं.

दुसरा ग्लास सांगितला आणि हॉटेलवरच्या दोघा जोडीदारांना फोन लावला. मागवलेल्या बाटल्या उघडू नका म्हटलं, साबणानं हात धुवा आणि ऑटो पकडून इकडं या.