वळवाची नोंद कोण ठेवणार?

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही पंचगंगेची पातळी विचारली, तर राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा फूट-इंचांत सांगितला जातो. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर ही सवय अधिकच पक्की झाली. मात्र एप्रिल-मे महिन्यांत अर्ध्या तासात ऊस आडवा करून आणि घरांवरचे पत्रे उडवून जाणारा वळीव नेमका कुठे, किती वाजता आणि किती जोराने आला, हे आठवड्याभराने कुणालाच धड सांगता येत नाही. म्हणूनच वादळी हवामान व त्याचे निरीक्षण या विषयावर शहरात नुकत्याच झालेल्या जाहीर सभेला मी आवर्जून गेलो.

रडार असताना माणसाने आकाशाकडे कशाला पाहत बसायचे, हा प्रश्न सुरुवातीलाच निघाला आणि त्याचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटले. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वक्र आहे. त्यामुळे अंतर वाढत जाते तसतसा झोत जमिनीपासून उंच जातो. गोव्यातील पणजीचे डॉप्लर रडार कोल्हापूरपासून हवाई अंतराने सुमारे 140 किलोमीटरवर आहे, म्हणजे आपल्यापर्यंत येईतो त्याचा झोत दोन किलोमीटरहून अधिक उंचीवरून जातो. त्याखाली, ढगाच्या तळाशी आणि शिवारात काय चालले आहे, हे तिथे उभा असलेला माणूसच सांगू शकतो. अमेरिकेत याच कारणासाठी राष्ट्रीय हवामान सेवा ‘स्कायवॉर्न’ या उपक्रमातून नागरिकांना प्रशिक्षण देते. तिथे मुख्य धास्ती चक्रीवावटळीची असते. आपल्याकडे मात्र वीज, गारा आणि सोसाट्याचा वारा यांची नोंद आधी हवी.

सभेत नदीकाठच्या एका वीटभट्टीवर काम करणारे मामा उठून म्हणाले, ‘‘पूर्वेला ढग काळा झाला म्हणून आम्ही धावत न्हाई, गार वारं अंगाला लागलं की ताडपत्री ओढायची, मग हातात थोडाच वेळ असतोय.’’ कच्च्या विटांवर ज्यांचे पोट आहे, त्यांचे हे निरीक्षण शास्त्राला धरूनच आहे. उंच ढगातून पाऊस आणि गारा कोसळताना थंड झालेली जड हवा वेगाने खाली येते, जमिनीवर आदळते आणि पावसाच्या पुढे पसरते. दुपारच्या उकाड्यात एकाएकी लागणारा गारवा तो हाच. अशी माणसे हाताशी असताना त्यांचे निरीक्षण कुणीच टिपून ठेवत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

टिपायचे कसे, हेही सांगितले गेले. झाडांच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या, तर वारा ताशी साधारण 40 ते 50 किलोमीटरचा आणि डहाळ्या मोडू लागल्या, तर 60 किलोमीटरच्या वर समजावा. गारांचा फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. गाव आणि वेळ लिहिल्याशिवाय फोटो पुढे पाठवू नये, कारण जुन्या वादळाचे फोटो दर उन्हाळ्यात नव्याने फिरतात.

विजेबाबत मात्र कुठलीही हयगय नको. देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळते. पण गडगडाट ऐकू आला, याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत. त्यामुळे निरीक्षण पक्क्या घरातूनच करावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. शिवारात असणाऱ्यांनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर ठेवावे.

या नोंदींचा उपयोग काय, असे एका शेतकरी ताईंनी विचारले, तेव्हा चर्चा महसूल मंडळापाशी आली. चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि तो मोजला जातो मंडळातील केंद्रावर. वळीव मात्र एका शिवारात धो-धो कोसळतो आणि ओढ्यापलीकडे धूळही भिजवत नाही. केंद्र कोरडे आणि ऊस आडवा, अशा वेळी वेळेसह टिपलेली नोंद पंचनाम्याच्या वेळी पुढे ठेवता येते. ताईंनी लगेच पुढचा प्रश्न केला, की गावात पर्जन्यमापक बसवायचा तर तो शाळेच्या पटांगणात ठेवावा की ग्रामपंचायतीच्या गच्चीवर. झाडे आणि भिंतींपासून दूर, मोकळ्या जमिनीवरच तो ठेवावा, असे ठरले.