एक्कावन्न किलो

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला मेडिकलच्या पहिल्या वर्षाची मुलं एकमेकांचं वजन, उंची, कंबर मोजतात. या बाबतीत मी खडूस आहे. आधी काटा शून्यावर; चपला, ॲप्रन, मोबाइल बाजूला. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, तीही श्वास सोडल्यावर. पोट आत ओढणाऱ्याला पुन्हा उभं करते. आमचे एक सर हे सगळं खुर्चीत बसून उरकतात. त्यांच्या अख्ख्या बॅचचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.

त्या दिवशी एक मुलगा निघाला आठ महिन्यांत 9 किलो वाढलेला. इंटर्नल परीक्षा आली की रात्री वडापाव, दोनला मॅगी. पोरं हसली, मीही हसले. ताण, त्याचं संप्रेरक कॉर्टिसॉल, गोड-तळकटाची ओढ, पोटावरची चरबी, सगळा धडा आयताच मिळाला. आपल्याकडे बीएमआय 23 ला जास्त वजन आणि 25 ला लठ्ठपणा धरतात, हेही सांगून घेतलं.

संध्याकाळी जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या, तपासताना एका मुलीची नोंद दिसली: उंची 158, वजन 51, बीएमआय 20.4. गणित बरोबर. पण काट्यावरचा आकडा मी स्वतः वाकून पाहिला होता. 43.5. म्हणजे बीएमआय 17.4.

दुसऱ्या दिवशी बोलावलं. "मॅडम, ॲडमिशनच्या फिटनेस सर्टिफिकेटवर 51 च आहे." मग खाली बघत, "मेसला जाऊन यायला चाळीस मिनिटं जातात. तेवढ्यात ब्रेकियल प्लेक्ससचा धडा एकदा वाचून होतो." आणि परीक्षा जवळ आली की घासच उतरत नाही म्हणे. रविवारी सगळं हॉस्टेल मिसळीला जातं, ही खोलीत.

तिची मेंटॉर मीच. फायलीत तीन भेटींच्या माझ्या सह्या आहेत, शेरा 'अडचण नाही'. त्यातल्या दोन सह्या मी एकाच दिवशी ठोकल्या होत्या.

थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन बघायला मेडिसिन ओपीडीत पाठवलं. समुपदेशकाचं नाव काढताच म्हणाली, "घरी कळवणार नाही ना?"

जर्नल माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. खोटा आकडा तसाच ठेवून सही कशी करू? आणि 43.5 लिहायला लावलं तर जर्नल उतरवायला बॅचभर फिरतं.

पुढच्या बॅचसाठी काटा पडद्याआड ठेवा म्हटलं, तर लॅबचे मामा म्हणाले, "मॅडम, तिथली फरशी उंचसखल आहे. वजन चुकीचं येईल."