खोडलेला आकडा

विज्ञान कसं चालतं हे शिकवायचा विषय माझ्याकडे आला, तेव्हा पहिली दोन वर्षं मी फळ्यावर पायऱ्याच लिहीत होते: निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तशीच लिहायची. पण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लंबकावरून काढलेलं गुरुत्वत्वरण सगळ्यांचं ९.८ च. उत्तर आधी, निरीक्षणं मागाहून भरलेली. मला याचं फार वाईट वाटायचं.

तिसऱ्या वर्षी प्रयोग लंबकाचाच ठेवला, प्रश्न बदलला. एक मीटरचा लंबक दहा अंशांतून सोडा, मग तीस, मग साठ. दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, बदलतो का? प्रत्येक कोनाला दहा दोलनं मोजायची, पाच वेळा.

दोलनकाल आयामावर, म्हणजे लंबक किती कोनातून सोडला यावर, अवलंबून नसतो, हे सगळ्यांना पाठ होतं. एका गटाची वही उघडली. दहा अंशांना २०.१ सेकंद. साठ अंशांच्या रकान्यात २१.४ वर इतक्या वेळा पेन फिरवलेलं, की कागद फाटायला आलेला. शेजारी नीट अक्षरात २०.१.

"मॅडम, स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला असणार."

"पाचही वेळा?"

ती मुलगी वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा घेऊ का?"

पुढचे दोन तास त्यातच गेले. स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात दिलं, दोरा तपासला. मग तिलाच सुचलं की एकाच कोनाची पाच वाचनं आपापसांत किती हलतात ते आधी बघावं. ती ०.२ सेकंदांच्या आत होती. फरक मात्र १.३ चा. इतका फरक हाताच्या चुकीत बसत नाही, हे तिचं तिनंच ठरवलं. पुस्तकातला नियम लहान कोनांपुरता आहे आणि साठ अंशांना दोलनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, हे मी त्यानंतर सांगितलं.

लगेच एकानं विचारलं, "म्हणजे आकडा जुळला नाही की पुस्तक चूक?" त्याला २०११ ची ऑपेरा या भौतिकशास्त्राच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतच्या ७३० किलोमीटरमध्ये न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) आधी पोचताना दिसले. प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही, असं पुस्तक सांगतं. त्या लोकांनी महिनोन्‌महिने स्वतःचीच चूक शोधली, मग निकाल जगापुढे ठेवला आणि तपासा म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी उलगडा झाला: ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. तिथे आकडा चूक निघाला, आमच्याकडे बरोबर. आणि वहीत दोन्ही सारखेच विचित्र दिसतात, तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

गुण कशाला द्यायचे, यावर मी बरेच दिवस अडले होते. शेवटी उत्तराचे गुण काढून टाकले. शंका काय आली आणि ती कशी तपासली, याला दिले. खोडायचं तर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

सत्राअखेर त्या गटाचा अहवाल आला. त्यात ते फाटायला आलेलं पान तसंच चिकटवलेलं होतं. खाली लिहिलं होतं: "ही नोंद बरोबर होती. आम्ही ती का खोडली, ते पान ४ वर."