संत्रा बर्फीचा डबा निवडताना

आमच्या घरच्या संत्रा बर्फीच्या पाव किलोच्या डब्यासाठी तीन नमुने तयार झाले होते: भगवा, पांढरा आणि झाकणाला पारदर्शक खिडकी असलेला. घरात एकमत होईना, म्हणून मी अनोव्हा, म्हणजे प्रचरण विश्लेषण, करायचे ठरवले: गटांच्या सरासरींमधला फरक खरा की निव्वळ योगायोगाचा, हे त्यातून तपासतात. पदवीला संख्याशास्त्र होते, एवढ्याच भांडवलावर.

नागपुरातील १५ दुकानांत चिठ्ठ्या टाकून प्रत्येक नमुना ५ दुकानांना दिला. आठवड्याची सरासरी विक्री भगव्याची ३८ डबे, पांढऱ्याची २९ आणि खिडकीवाल्याची २७ आली, आणि मामांनी भगव्याची पहिली छपाई करूनही घेतली. मी एक्सेलमध्ये तक्ता मांडला, तेव्हा नमुन्यांमधील वर्गमाध्य (फरकाचे माप) १७१.७ आणि एकाच नमुन्याच्या दुकानांमधील २२५ निघाले. एफचे मूल्य, म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारे गुणोत्तर, अवघे ०.७६ होते, २ आणि १२ स्वातंत्र्यमात्रांना (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) ५ टक्के पातळीवर, म्हणजे योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांहून कमी ठरायला, ते ३.८९ च्या पुढे जायला हवे होते.

भगव्याचे ६२ डबे एकट्या रेल्वे स्टेशनजवळच्या दुकानाने विकले होते. महाल भागातल्या दुकानात पांढरे १४ गेले. स्टेशनजवळचे दुकानदार म्हणाले, "भाऊ, इथं गिऱ्हाईक डबा नाही, घड्याळ पाहते."

म्हणजे आम्ही डबे नव्हे, दुकाने मोजली होती. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी केंद्रात जमिनीच्या कसातील फरक वेगळा काढण्यासाठी शेताचे सारख्या जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात तुलना करण्याची रीत रूढ केली. आमच्यासाठी दुकान हीच जमीन होती. तीन नमुन्यांचे क्रम सहाच होतात, म्हणून सहा दुकाने घेतली, प्रत्येकात तिन्ही नमुने आठवड्याला एक असे ठेवले, प्रत्येकाला वेगळा क्रम दिला आणि तीन आठवडे नोंदी ठेवल्या. दर आठवड्याला प्रत्येक नमुना दोन दुकानांत असल्याने आठवड्यांचा चढउतारही वजा करता आला. एकूण १७ स्वातंत्र्यमात्रांपैकी दुकानांना ५, आठवड्यांना २ आणि नमुन्यांना २ गेल्यावर अवशिष्टासाठी, म्हणजे कशानेच न उलगडलेल्या उरलेल्या फरकासाठी, ८ उरल्या. मर्यादा वाढून ४.४६ झाली, तरी अवशिष्ट फरक इतका घटला की एफ ९.२ आला.

एफवरून सगळे नमुने सारखे नाहीत एवढेच कळते, म्हणून पुढे नमुन्यांची जोडीजोडीने तुलना करणारी ट्युकी चाचणी केली. खिडकीवाला डबा इतर दोघांपेक्षा सरस ठरला. भगवा आणि पांढरा यांच्यात दखलपात्र फरक निघाला नाही. स्टेशनजवळच्या दुकानात मात्र तीन आठवड्यांत ५८, ६० आणि ५९ डबे गेले, त्यामुळे मामांनी छापून घेतलेले भगवे डबे संपेपर्यंत आम्ही तिथेच पाठवत आहोत.