पियानोच्या साथीने ‘कालिया मर्दन’

गेल्या रविवारी पणजीत मुलांसाठी दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट पियानोच्या प्रत्यक्ष साथीने दाखवला गेला, तेव्हा भाचीला मी मुद्दाम वादकाच्या जवळ बसवले. पडद्यावरचा कृष्ण म्हणजे फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी आहे, हे कळताच ती हरखून गेली. कृष्णाने डोहात उडी घेतली, तेव्हा वादकाने खर्जातले स्वर इतके हळू आणि दाटून वाजवले की सभागृहातली कुजबुज आपोआप थांबली. मूकपटाच्या काळातही पडद्याशेजारचे वादक असेच प्रसंग पाहून वाजवत असत. एका चिमुकल्याने ओरडून कृष्णाला सावध केले, ते मला फार आवडले. घरी परतल्यावर भाची आजोबांच्या पेटीवर तोच डोह शोधत बसली.