अंजिराने गिळलेलं यकृत

टपरीवर ‘एक कटिंग’ म्हटलं की चहाच येतो. विशेषणाने नाम केव्हाच पिऊन टाकलंय. रोमन स्वयंपाकघरात असंच घडलं, फक्त तिथलं नाम कायमचं गेलं.

लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. ओळखीचं वाटतं ना? वाटणारच, संस्कृत ‘यकृत्’च्या भाऊबंदांपैकीच ते. तर हंसांना अंजीर चारून त्यांचं यकृत फुगवायचं, ही रोमन खवय्यांची चैन. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की एपिकियस नावाच्या शौकिनाने हाच प्रयोग डुकरिणींवर केला. सुकी अंजिरं खाऊन त्या लठ्ठ झाल्या की मध घातलेली वाईन पाजायची आणि लगेच मारायचं. काय तो पाहुणचार!

या पदार्थाला म्हणत ‘येकुर फिकातुम’. ‘फिकुस’ म्हणजे अंजीर. (वड, पिंपळ, उंबर यांच्या शास्त्रीय नावांत हाच फिकुस बसलाय.) बोलता बोलता ‘येकुर’ गळलं, ‘फिकातुम’ उरलं, आणि ज्याने जन्मात अंजीर पाहिलं नाही असं यकृतही ‘अंजीरवालं’ झालं. माणसाचंसुद्धा.

पुढे इटालियनमध्ये ‘फेगातो’, पोर्तुगीजमध्ये ‘फिगादु’, रोमानियनमध्ये ‘फिकात’. फ्रेंचांनी चावून चावून नुसतं ‘फ्वा’ ठेवलं. स्पॅनिशांनी सुरुवातीच्या ‘फ’चा ‘ह’ केला, मग तोही म्हणायचा सोडला. लिहिताना ‘ह’ असतो, तोंडातून ‘इगादो’ निघतं. आघाताची, म्हणजे उच्चारताना कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा याचीही गंमत आहे. लॅटिनच्या नियमाने तो ‘का’वर हवा. रोमानियनमध्ये तो तिथेच राहिला, इटालियन-स्पॅनिशमध्ये मात्र पहिल्या अक्षरावर सरकला. यामागे ग्रीक ‘सिकोतोन’चा हात असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. तो शब्दही अंजिरावरूनच आलेला.

पॅरिसच्या हॉटेलात ‘फ्वा ग्रा’, म्हणजे चरबीदार यकृत, लोक भरपूर पैसे मोजून मिटक्या मारत खातात. माद्रिदच्या डॉक्टरने त्याच जोडीचा स्पॅनिश अवतार, ‘इगादो ग्रासो’, उच्चारला की पेशंटचं तळलेलं बंद. फॅटी लिव्हर!

आपण ‘यकृत’ जपलं खरं, पण ते शाळेच्या पुस्तकापुरतं. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो, दवाखान्यात लिव्हर दाखवतो. आणि काळीज? तेही मुळात यकृतच. पण त्याला आपण हृदयाच्या जागी कामाला लावलंय: धडधडायला, तुटायला आणि कुणी अपरात्री दार वाजवलं की लक्कन हलायला.